सेहेचाळीस वर्षांचं पुडिंग

"सुएट? चौदा नंबरच्या रांगेत बघा, मॅडम. पक्ष्यांच्या खाण्यापाशी," मांसाच्या काउंटरमागचा मिशीवाला माणूस म्हणाला आणि पुन्हा कोंबडीची पाकिटं रचायला लागला.

डोरीन एंटविसलला वाटलं, आपल्या बोलण्यामुळे काहीतरी घोटाळा झाला. इंग्लंडमधल्या बोल्टनचं घर विकून अमेरिकेत नेब्रास्कातल्या या ब्रॅडी क्रीक गावात, मुलीच्या, म्हणजे लिंडसेच्या, शेजारी राहायला आल्याला दीड वर्ष झालं होतं, आणि असे घोटाळे रोजचेच होते. तरी ती चौदा नंबरच्या रांगेत गेली. कुत्र्यांची बिस्किटं, मांजरांची वाळू, आणि त्यापलीकडे खरोखरच सुएट. चौकोनी डबीत थापलेलं, सूर्यफुलाच्या बिया नि शेंगदाणे घातलेलं, वर सुतारपक्ष्याचं चित्र.

तिने एक डबी उचलली आणि परत येऊन काउंटरवर ठेवली.

"हे तुमच्या बायकोने ख्रिसमसच्या दिवशी ताटात वाढलं तर खाल का?"

मिशीवाल्याने डबी उलटीपालटी केली. "माझी बायको काय वाढेल याचा नेम नाही, मॅडम. पण तुम्हाला हे खायला हवंय का?"

"मला गुर्द्याभोवतीची चरबी हवी आहे. पांढरी, कोरडी, हाताने मोडली तर भुगा होणारी. गाय कापता ना तुम्ही?"

"आम्ही कुठे कापतो? आमच्याकडे सगळं खोक्यांतून येतं. साफ करून, कापून, गुंडाळून. गुर्दे तर मी पाच वर्षांत पाहिले नाहीत."

डोरीन बघतच राहिली. बोल्टनच्या बाजारात तिचा खाटीक तिला लांबून येताना बघूनच चरबीचा गोळा बाजूला काढून ठेवायचा. इथे चौफेर कुरणं. घराच्या खिडकीतून गाई दिसायच्या, वारा फिरला की त्यांचा वासही यायचा. एवढ्या गाई, आणि त्यांचे गुर्दे जातात कुठे?

"चल आता, डोरीन," मागून क्लिफर्ड म्हणाला.

क्लिफर्ड तिचा नवरा. सत्तर वर्षांचा, उंच, पोट सुटलेला. बोल्टनमध्ये असताना हा माणूस बसच्या डेपोत चाळीस वर्षं इंजिनं दुरुस्त करत होता आणि घरी आला की चहाखेरीज फारसं काही मागत नव्हता. इथे आल्यावर मात्र त्याला पालवी फुटली होती. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची लाल टोपी त्याच्या डोक्यावरून उतरत नसे. दुकानातल्या सगळ्या गल्लेवाल्या बायका त्याला नावाने हाक मारत. सकाळी हमरस्त्यावरच्या खानावळीत जाऊन तो पांढऱ्या रश्शात बुडवलेले पाव चापून खायचा आणि घरी येऊन त्याचं रसभरीत वर्णन करायचा. डोरीनला ते ऐकवत नसे. तिच्या लेखी इथला पाव केकसारखा गोड होता, बेकन म्हणजे नुसत्या चरबीच्या पट्ट्या होत्या, आणि चहा मागितला की कोमट पाण्याचा कप नि शेजारी कोरडी पुडी यायची. पण या सगळ्याशी तिने जुळवून घेतलं होतं. पाव ती घरीच भाजायची. चहाचं पाणी स्वतः उकळायची. ख्रिसमसला बेदाणे नि सुएट घालून वाफवायच्या पुडिंगच्या बाबतीत मात्र ती अडून बसली होती. पहिल्या ख्रिसमसला बोल्टनहून येताना बॅगेतून आणलेलं पुडिंग होतं. यंदा नव्हतं.

"लिंडसे म्हणाली, वनस्पती तूप घाल," क्लिफर्डने सुचवून पाहिलं.

"मेणबत्ती खाल्ल्यासारखं लागतं."

"मग कॅन्सस सिटीचं ते इंग्लिश सामानाचं दुकान? टपालाने पाठवतात."

"विचारलं. त्यांच्याकडेही पामतेलाचंच आहे. क्लिफ, पुडिंगमध्ये सुएट नसेल तर ते पुडिंग नव्हे. तुझ्या आईने मला हेच शिकवलं. तिच्या मुलाच्या पानात मी पामतेल वाढू?"

ते तेव्हा शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्यांसमोर उभे होते. क्लिफर्डने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"डोरीन, ऐक. माझ्यासाठी एवढी वणवण करू नकोस."

"वणवण कसली?"

"मला ते पुडिंग आवडत नाही."

"पामतेलाचं?"

"कसलंच. कधीच आवडलं नाही." एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "लहानपणीही नाही. जड लागतं, काळं लागतं, औषधाच्या बाटलीसारखा वास येतो. मी गिळत होतो गं नुसतं."

डोरीनने हातातली टोपली फरशीवर ठेवली. आत बेदाण्यांची दोन पाकिटं, जायफळ आणि काळ्या बिअरची बाटली होती.

"सेहेचाळीस वर्षं?" तिने विचारलं.

"आईच्या हातची धरली तर अडुसष्ट."

घरी आल्यावर तिने बेदाणे कपाटात ठेवले, चहा केला, एकच कप, आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

लग्न झालं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. तिच्या माहेरी पुडिंग डब्यातलं यायचं. सासूबाई ॲडा एंटविसल यांनी हे ऐकून जो चेहरा केला होता तो डोरीन अजून विसरली नव्हती. त्या नोव्हेंबरात ॲडाबाईंनी तिला स्वतःच्या ओट्यापाशी उभं केलं. सुरीला पीठ लावून चरबी कशी चिरायची, म्हणजे चिकटत नाही. कापड कसं घडी घालायचं, म्हणजे पुडिंगला फुगायला जागा राहते. दोरा कुठे आवळायचा. चुकलं की लाकडी चमचा बोटांवर बसायचा. तिसऱ्या वर्षी ॲडाबाई एक घास खाऊन नुसत्या "हं" म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून डोरीन त्या घरची झाली.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो गिळत होता.

आधी तिला संताप आला. मग हसू आलं. मग चहा गार होता होता तिच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, जो तिला आजवर कुणी विचारला नव्हता आणि तिनेही स्वतःला विचारला नव्हता. मला आवडतं का ते?

तिने आठवून पाहिलं. ख्रिसमसच्या दिवशी ती पुडिंगवर ब्रँडी ओतून पेटवायची, दिवे घालवायला सांगायची, निळी ज्योत दिसली की सगळे ओरडायचे. मग ती वाढायची. सासऱ्यांना, सासूबाईंना, क्लिफला, लिंडसेला, कुणी पाहुणे असतील त्यांना. मग सॉस कमी पडायचा, तो करायला ती आत जायची. आपल्या पानात काय आलं? कडेचा गार झालेला तुकडा, भांडी घासायच्या आधी उभ्याउभ्या खाल्लेला. पण तो तुकडासुद्धा जिभेवर अजून होता. बेदाण्यांचा गडद गोडवा, जायफळ, आणि चरबी विरघळून आलेला तो मऊसूतपणा.

आवडतं. तिला फार आवडत होतं.

तिने लिंडसेला फोन लावला.

"मम, बाबांनी सांगितलं मला," लिंडसे कसनुशी हसत म्हणाली. "मग आता सुटलीस ना त्यातून?"

"सुटले कसली? मला सुएट हवंय. इथे जनावर खरोखर कापतं कोण?"

"हमरस्त्याने चार मैलांवर कुचेरा बाईंचं मांसघर आहे. शेतकरी आपली जनावरं तिथे नेतात. आत्ता हरणांच्या शिकारीचे दिवस आहेत, गर्दी असेल. शनिवारी दुपारी दोनपर्यंतच उघडं असतं. बाबांना सांग, नेतील."

शनिवारी सकाळी अकराला विद्यापीठाच्या संघाचा सामना होता. ब्रॅडी क्रीकमध्ये सामन्याच्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसायचं. क्लिफर्ड चिप्सचा वाडगा घेऊन टीव्हीसमोर बसला होता.

"क्लिफ, मला कुचेरांकडे जायचंय."

"आत्ता? अगं, आवडत नाही म्हणून सांगितलं ना मी?"

"ऐकलं मी. दोन्ही कान शाबूत आहेत माझे. तुझ्यासाठी नाही करत आहे."

"मग कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती फ्रेंच बोलली. "सोमवारी नेतो."

"उद्या ॲडव्हेंटआधीचा रविवार, ख्रिसमसच्या तयारीचे आठवडे लागायच्या आधीचा शेवटचा. पुडिंग उद्या ढवळायचं असतं. सोमवारी नव्हे."

"ते बोल्टनला! इथे कोण बघायला येतंय?"

डोरीनने वाद घातला नाही. रबरी बूट चढवले, डोक्याला रुमाल बांधला, दोन चाकांची चौकड्यांची बाजारपिशवी घेतली आणि दार ओढून घेतलं. इथे ती गाडी चालवत नव्हती. उजव्या बाजूने चालवायचं तिला जमत नसे. बस तर गावात नव्हतीच. पण पाय होते.

पहिला मैल सोपा गेला. मग घरं संपली, पदपथही संपला आणि हमरस्त्याच्या कडेची खडी सुरू झाली. वारा समोरून, मोकळ्या शेतांवरून सरळ तोंडावर येत होता. मक्याची कापलेली खुंटं दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत. पिशवीचं एक चाक खडीत अडकायचं, ती ओढून काढायची. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तिने रुमाल आणखी पुढे ओढला. बोल्टनलाही पावसात टेकडी चढून ती बाजार आणायचीच की, असं तिने स्वतःला बजावलं. तिथला बाजार अर्ध्या मैलावर होता, हे मात्र तिने स्वतःला सांगितलं नाही.

दुसऱ्या मैलाच्या सुमारास शेरीफची पोलीस गाडी तिच्यापुढे येऊन थांबली. एक जाडजूड अधिकारी उतरला.

"बाई, गाडी बंद पडली का?"

"माझ्याकडे गाडी नाही."

"मग इथे काय करताय?"

"चालतेय."

त्याने तिच्या रुमालाकडे, बुटांकडे, पिशवीकडे पाहिलं. मग अगदी हळुवार आवाजात विचारलं, "आज वार कोणता, सांगता येईल का तुम्हाला?"

"शनिवार. तारीख एकोणीस. दोन हजार अकरा साल. मी डोक्याने ठीक आहे, साहेब, मला चरबी हवी आहे. कुचेरांचं मांसघर अजून किती लांब?"

"दोन मैल. बसा, सोडतो."

डोरीन क्षणभर घुटमळली. पाय दुखत होते. पण मागे वळून पाहिलं तर दुरून एक ओळखीची राखाडी गाडी येताना दिसली.

"नको. तो बघा माझा नवरा आलाच," ती म्हणाली आणि पुन्हा चालायला लागली.

क्लिफर्डने गाडी तिच्या बरोबरीने आणली आणि काच खाली केली. "डोरीन, बस आत."

"सामना बघ जा तू."

"कसला सामना? खिडकीतून बघतो तर बायको गायब! शेजारणीने सांगितलं, हमरस्त्याकडे गेली म्हणून. बस म्हणतो ना. न्यूमोनिया होईल."

"झाला तर होऊ दे. अडुसष्ट वर्षं गिळलंस, मग दोन मैल माझ्या मागून येणं जड नाही तुला."

"माझ्यावर राग आहे ना? मग घरी येऊन ओरड."

"राग नाही रे." ती थांबली. वाऱ्यामुळे तिला ओरडूनच बोलावं लागत होतं. "सेहेचाळीस वर्षं मी तुझ्यासाठी करत होते. हे एक मला माझं मला करू दे. तू नेलंस तर ते पुन्हा तुझंच होईल."

क्लिफर्डला हे कितपत कळलं कोण जाणे. पण त्याने काच वर केली, धोक्याचे पिवळे दिवे लावले आणि गाडी तिच्या मागे घेतली. शेरीफच्या माणसाने थोडा वेळ हा प्रकार पाहिला, मान हलवली आणि निघून गेला. मग उरलेले दोन मैल पुढे रुमाल बांधलेली डोरीन, मागे दिव्यांची उघडझाप करणारी गाडी, अशी ती वरात चालली. जाणारे-येणारे ट्रक वेग कमी करून बघत होते.

मांसघर म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड होती. बाहेर ट्रकांच्या हौद्यांत हरणं पडलेली, नारिंगी जाकिटं घातलेले शिकारी रांग लावून उभे. त्यांनी डोरीनला वाट करून दिली. आत रबरी एप्रन घातलेली पन्नाशीची बाई, कोपरापर्यंत रक्ताने माखलेली. तीच लॉरेन कुचेरा.

"हरण आणलंय का तुम्ही?" तिने पिशवीकडे संशयाने पाहत विचारलं.

"नाही. मला सुएट हवंय. पक्ष्यांना नाही, मला."

"अहो, पिंपभर फेकते मी रोज!" लॉरेनने आतून एक पाटी आणली आणि समोर आदळली.

डोरीनने हातमोजे काढले. वर्षानुवर्षं बाजार केलेल्या बाईसारखा एक तुकडा उचलला, अंगठ्याखाली चोळला. तो चिकट झाला, पिवळट पसरला.

"ही पाठीची चरबी आहे."

रांगेतला एक शिकारी हसला. लॉरेन मात्र हसली नाही. तिने डोरीनकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला गुर्द्याभोवतीची हवी."

"तेच सांगतेय दोन आठवडे सगळ्या गावाला."

"थांबा." लॉरेन थंड खोलीत गेली आणि एक अख्खा गोळाच घेऊन आली, गुर्दा अजून आतच. डोरीनने कडेचा भाग मोडला. कोरडा, शुभ्र, बोटांत भुगा झाला. तिच्या तोंडून नकळत "हं" निघालं.

"हे शेवटचं मागितलं होतं माझ्या आजीने," लॉरेन म्हणाली. "यकृताचं सॉसेज करायची ती ख्रिसमसच्या आधी. बाकीचे सगळे नाकाला रुमाल लावायचे. ती गेली, तसं कुणी मागितलंच नाही. तुम्ही काय करता याचं?"

डोरीनने सांगितलं. रांग खोळंबली होती, तरी लॉरेनने सगळं ऐकून घेतलं आणि आठ तास वाफवायचं म्हटल्यावर शिटी मारली. पैसे घ्यायला तिने साफ नकार दिला. "मला एक तुकडा आणून द्या. नुसतं ऐकून काय कळतंय?"

परतताना डोरीन गाडीत बसली. पायांना फोड आले होते आणि हट्ट आता संपला होता. गोळा तिने मांडीवर धरला. क्लिफर्डने हीटर मोठा केला आणि रेडिओवरचा सामना आपणहून बंद केला.

रविवारी सकाळी ती चरबी चिरत होती. सुरीला पीठ लावून, बारीक, एकही धागा न ठेवता. क्लिफर्ड दारात येऊन उभा राहिला.

"काही करू?"

"नको."

तो तसाच उभा राहिला. बेदाणे पडले, घरच्या पावाचा चुरा पडला, काळी साखर, अंडी, बिअर, जायफळ. तिने एकटीनेच ढवळलं, रिवाजाप्रमाणे पूर्वेकडून पश्चिमेकडे, आणि मनात काहीतरी मागितलं. मग भांड्यावर कापड ताणून दोरा गुंडाळायला घेतला, आणि तिथे नेहमीप्रमाणे तिसरा हात कमी पडला. क्लिफर्डने काही न विचारता पुढे येऊन गाठीवर बोट ठेवलं. तिने त्याच्या बोटावरून दोरा आवळला, जरा जास्तच जोरात.

"आई गं!"

"एकोणीसशे पासष्ट साली सांगता येत नव्हतं?"

"कसं सांगणार? आई समोर पळी घेऊन उभी. नंतर तू पळी घेऊन उभी. एका बाजूला तिचा चेहरा, दुसऱ्या बाजूला तुझा. तू इतक्या आशेने बघायचीस, डोरीन. मग म्हणायचो, वर्षातून एकदाच तर आहे."

तिने गाठ मारली. "मग तुला हवं काय असायचं?"

त्याला उत्तर शोधावं लागलं नाही. "डब्यातली पीचं. वर आटवलेलं दूध."

"पीचं! एवढंच?"

"एवढंच."

आठ तास वाफ निघत राहिली. सगळ्या खिडक्या धुरकट झाल्या, भिंतीवरून पाणी ओघळलं, धुराचा इशारा देणारी घंटा दोनदा वाजली आणि दोन्ही वेळा क्लिफर्ड स्टुलावर चढून तिला लाल टोपीने वारा घालत बसला.

महिनाभर पुडिंग कपाटात मुरलं. ख्रिसमसच्या दिवशी लिंडसे आणि तिचा नवरा टॉड जेवायला आले. डोरीनने ब्रँडी पेटवली, निळी ज्योत उठली, लिंडसे लहानपणी ओरडायची तशी ओरडली. मग डोरीनने पहिला तुकडा कापला, सगळ्यात मधला, वाफाळता, आणि स्वतःच्या पानात घेतला. सॉस भरपूर घेतला आणि ती बसली.

"तुमचं तुम्ही घ्या," ती म्हणाली.

बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. तिने घास घेतला, डोळे मिटले. रंग ॲडाबाईंच्या पुडिंगइतका गडद आला नव्हता, इथली काळी साखर तितकी काळी नव्हती. पण चरबी अशी विरघळली होती की तिला बोल्टनच्या खाटकाला फोन करून सांगावंसं वाटलं. टॉडने एक घास चावला, बराच वेळ चावला आणि "वेगळंच आहे" असं म्हणून पाण्याचा पेला उचलला. लिंडसेने दोनदा घेतलं. क्लिफर्डसमोर डोरीनने काचेचा वाडगा सरकवला. त्यात पिवळीजर्द पीचं होती आणि वर आटवलेलं दूध. मग शेवटच्या थेंबापर्यंत खाऊन त्याने चमचा चाटला.

डोरीनने दुसरा तुकडा घेतला.

सणानंतर दोन दिवसांनी ते लॉरेनकडे गेले, या वेळी गाडीने. शिकारीचे दिवस संपले होते, शेड शांत होती. लॉरेनने पुडिंगचा गार तुकडा काउंटरपाशी उभ्यानेच खाल्ला, बोटांनी.

"आजीला आवडलं असतं," ती म्हणाली. "मला जरा गोड होतंय. पण चरबी छान लागली आहे हो यात."

"ती तुमच्याच हातची." डोरीनने काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवली. आत टांगलेल्या डुकरांकडे तिची नजर केव्हाची लागली होती. "लॉरेन, डुकराचे पाय काय करता तुम्ही?"

"फेकते. का?"

"उकळले की छान जेली होते. गार खायची पोर्क पाई करायची म्हणते, पिठाच्या कडक कवचात मांस भरलेली. तिला खांद्याचं मांस लागेल, थोडी पोटाची चरबी, आणि चार पाय."

"पाय बारा घ्या. दुकानासाठी मलाही करून दाखवा. पाहू इथले लोक काय म्हणतात ते."

क्लिफर्ड दाराजवळ किल्ल्या वाजवत उभा होता. तो एकदम पुढे आला.

"पोर्क पाई मला आवडते," तो म्हणाला.

डोरीनने वळून त्याच्याकडे रोखून पाहिलं. "खरं सांग हं, क्लिफ. आत्ताच सांग. लॉरेन साक्षीदार आहे."

"खरंच आवडते. जेली मात्र नको."

"जेली मला," डोरीन म्हणाली आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं. लॉरेन आतून एकेक पाय आणून त्यात टाकायला लागली.